पैसे सापडले म्हणून माफी?

सोलापुरातल्या एका शाळेत वर्गशिक्षिकेने एका मुलावर चोरीचा आळ घेतला आणि मग त्याची माफी मागितली, त्याची ही हकीकत. या लेखात कुणाचंच नाव नाही. बदललेली नावं देता आली असती, पण सोलापुरात बदललेल्या नावामागचा माणूस नव्या पेठेतून पार्क चौकात पोचेपर्यंत ओळखला जातो. म्हणून वर्गशिक्षिकेला 'बाई' म्हणते, मुलाला 'मुलगा' आणि त्याच्या आजीला आजीच. मी त्या शाळेत पर्यवेक्षिका होते. रक्कम, तुकडी, महिना असे तपशील थोडे हलवले आहेत. बोललेली वाक्यं हलवलेली नाहीत, कारण हे सगळं प्रकरणच एका वाक्याचं आहे.

शाळेच्या फायलीत हे प्रकरण 'सहलीच्या पैशांबाबत गैरसमज' या नावाने लागलं. ते नाव मीच दिलं होतं. नाव चुकलं आणि पुढची आमची तीन पावलं त्या नावामागे गेली.

पार्श्वभूमी

शाळा मराठी माध्यमाची, सेमी इंग्रजी. आठवीच्या या वर्गात ४६ मुलं. घरी कुणाची तेलुगू, कुणाची कन्नड, कुणाची उर्दू, बाकीच्यांची आपली सोलापुरी मराठी. पालक यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर, रिक्षावर. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात. अशा वर्गात कोण कुठल्या वस्तीतून येतं हे पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना कळतं, आणि पुढे त्याबद्दल कुणी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे मनात नाही, अशी आम्हा शिक्षकांची सोयीची समजूत.

मुलगा सेटलमेंटमधला. बाहेरगावच्या वाचकांसाठी हा शब्द उलगडून सांगायला हवा, कारण सोलापुरात तो पत्ताही आहे आणि शिवीही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ च्या कायद्याने ही तरतूद देशभर लागू झाली. या जमातींच्या माणसांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, परवान्याशिवाय हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि काहींना तारेच्या कुंपणाआड वसाहतीत ठेवायचं. मुंबई इलाख्यातली अशी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. इथल्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि वसाहतीत ते आयते होते. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशातून गेला. तो दिवस आज विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलीस ठाण्यातल्या जुन्या सवयीला नवं कलम मिळालं. तार गेली, शब्द राहिला.

हे सगळं मला तेव्हा ठाऊक होतं का? अर्धंमुर्धं. दर १२ जानेवारीला आमच्या शाळेत हुतात्मा दिन होतो. १९३० च्या मार्शल लॉबद्दल आणि १९३१ साली येरवड्यात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांबद्दल आठवीतलं पोर न अडखळता भाषण करतं. त्याच शहरातल्या तारेच्या कुंपणाबद्दल आमच्या फळ्यावर कधी एक ओळ लिहिली गेली नव्हती.

आता बाईंबद्दल. मराठी शिकवतात, २२ वर्षांची नोकरी. कविता पाठ करून घ्यायची त्यांची हातोटी अशी की शेवटच्या बाकावरची मुलंही तालात म्हणतात. आदल्या वर्षी याच मुलाची परीक्षा फी त्यांनी स्वतःच्या पर्समधून भरली होती. त्यांच्या वर्गात कविता म्हणायला पहिला हात त्याचाच वर असायचा. हे मी बाईंची बाजू घ्यायला लिहीत नाही. असं वाक्य बोलणारा माणूस दुष्टच असणार ही आपली कल्पना माफीच्या आड येते, म्हणून लिहिते.

काय घडलं

डिसेंबरचा पहिला सोमवार. विजापूरच्या एक दिवसाच्या सहलीचे पैसे गोळा होत होते, माणशी ४५० रुपये. मधल्या सुट्टीपर्यंत १४ जणांचे ६,३०० रुपये बाईंकडे जमले होते. सुट्टीनंतर टेबलावर पाकीट नव्हतं.

बाई घाबरल्या. त्या आधी कुणावर ओरडल्या नाहीत की 'कुणी पाहिलं का' असंही विचारलं नाही. सरळ तिसऱ्या रांगेकडे बोट केलं.

"आधी तू ऊठ. दप्तर आण इकडं. सेटलमेंटच्या पोरांच्या रक्तातच असतं ते."

हे वाक्य इथे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस अडले होते. पण 'अनुचित उद्गार' असं लिहिलं की वाचणारा आपल्या मनाने काहीतरी सौम्य भरून घेतो.

मुलाने दप्तर आणलं आणि बाईंनी सांगायच्या आत स्वतःच टेबलावर उलटं केलं. वह्या, कंपास, डबा, एक फुटका शार्पनर. पाकीट नव्हतं. मग बाकी कुणाचीच दप्तरं तपासली नाहीत, आणि ही गोष्ट वाक्याइतकीच बोलकी होती. तो सामान भरून जागेवर बसला. शाळा सुटेपर्यंत त्याने मान वर केली नाही, असं शेजारच्या मुलीने नंतर सांगितलं.

मंगळवारी सकाळी पाकीट स्टाफरूममध्ये निबंधाच्या वह्यांच्या गठ्ठ्यात सापडलं. बाईंनीच ठेवलं होतं.

पहिली माफी

बाई सरळ माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. तिथे पहिला अर्धा तास कशात गेला? "अॅट्रॉसिटी लागेल का?" या प्रश्नात.

उत्तर असं निघालं की इथे जातीचं कोष्टक फार विचित्र आहे. उदाहरणार्थ, कैकाडी समाज विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत येतो आणि सोलापुरात विमुक्त जातींत. तोच समाज, तेच आडनाव, पण अॅट्रॉसिटीचं संरक्षण एका जिल्ह्यात आहे आणि दुसऱ्यात नाही. मुलाच्या जातीच्या रकान्यात विमुक्त जाती असं होतं. ते वाचून मुख्याध्यापकांनी खुर्चीला पाठ टेकली. मीही सुटकेचा श्वास सोडला, हे कबूल करते. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या मानसिक छळालाही मनाई करतं, याची आम्हा तिघांपैकी कुणालाच आठवण झाली नाही. कायदा आठवला तो आमच्या बचावापुरता.

मग मुलाला केबिनमध्ये बोलावलं. बाई म्हणाल्या, "अरे, गैरसमज झाला. पाकीट सापडलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं," आणि ड्रॉवरमधली कॅडबरी पुढे केली.

मला वाटलं आपणही काही बोलावं. माझं माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरी तेलुगू. शाळेत मी 'माझा वही' म्हणाले की वर्ग हसायचा. ते मी त्याला सांगितलं, मलाही चिडवायचे वगैरे. तो ऐकून घेत होता. आता कळतं, मी त्याचं दुःख उचलून माझ्या मापाचं करत होते. माझ्या मराठीला हसले, पण माझं दप्तर कुणी उलटं केलं नव्हतं.

तो "हां मॅडम" म्हणून गेला. कॅडबरी टेबलावरच होती.

त्याच दुपारी मी पालकांना द्यायचं पत्र लिहिलं. त्याची प्रत अजून माझ्याकडे आहे: 'दि. … रोजी वर्गात अनवधानाने उच्चारल्या गेलेल्या शब्दांमुळे आपल्या भावना दुखावल्या असल्यास शाळा दिलगीर आहे.' मराठी शिकवलेल्या माझ्यासारखीने लिहिलेलं वाक्य आहे हे. 'उच्चारल्या गेलेल्या', म्हणजे कुणी उच्चारले ते गायब. 'असल्यास', म्हणजे दुखावल्या की नाही हे तुम्हीच सिद्ध करा. 'शाळा', म्हणजे माणूस नाही, इमारत. आणि 'दिलगीर'. आपल्याकडे माफी मागावी लागते, दिलगिरी मात्र नुसती व्यक्त होते. ती व्यक्त करायला समोर कुणी असायची गरज नसते. रस्ता खोदल्यावर महापालिका 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा बोर्ड लावते, त्याच जातीचं हे पत्र होतं.

बुधवारपासून मुलगा शाळेत आला नाही. सहलीचे पैसे परत मागायला वडीलही आले नाहीत.

आम्ही काय काय करू शकत होतो

गुरुवारी शिपाईमावशींनी मला व्हरांड्यात थांबवलं. "मॅडम, आठवीची पोरं त्याला 'चेकिंग' म्हणायलीत. नसला तरी त्याच्या बाकाला म्हणायलीत." तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की वाक्य एका मुलाला बोललं गेलं असलं तरी ऐकलं ४६ जणांनी होतं, आणि बंद केबिनमधली माफी त्याच्याशिवाय त्यांच्यापैकी एकानेही ऐकलेली नव्हती.

चर्चेत जे पर्याय आले त्यातले दोन पटकन बाजूला पडले. मुख्याध्यापक म्हणत होते, सहल होऊ द्या, पोरं विसरतात. पोरं विसरत नव्हती, हे मावशींनी सांगितलं होतंच. दुसरा पर्याय मुलाची तुकडी बदलण्याचा. म्हणजे शिक्षा कुणाला?

तिसऱ्यावर मात्र बराच वाद झाला: बाईंना लेखी ज्ञापन, म्हणजे मेमो, द्यायचं की नाही. माझं मत तेव्हा नको असं होतं. ज्ञापन दिलं की बाई खुलासा लिहिणार आणि खुलाशाची भाषा बचावाची असते. एकदा 'असं म्हटलेच नाही' किंवा 'विपर्यास झाला' असं कागदावर आलं की मग तोंडाने माफी कशी मागायची? मुख्याध्यापकांनी शेवटी लेखी समज दिली, पण ती सगळं झाल्यावर. हा क्रम बरोबर होता असं मला अजून वाटतं. पण एक सहकारी तेव्हा म्हणाले होते, "मुलाने बाईंना असं काही बोललं असतं तर आपण क्रमाचा एवढा विचार केला असता का?" त्यांना द्यायला उत्तर माझ्याकडे नाही.

चौथा पर्याय बाईंनी स्वतः काढला: घरी जाऊन माफी मागायची.

घरची भेट

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. आधी निरोप धाडला नाही. ही पहिली चूक. त्या वस्तीत न सांगता दाराशी येणाऱ्या लोकांचा इतिहास वेगळा आहे.

ओट्यावर आजी बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. जन्म तारेच्या आतला, असं त्या सांगतात. वडिलांची रिक्षा दाराशी उभी. मुलगा आत होता, बाहेर आला नाही. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा टाकला.

बाईंनी सुरुवात केली. "माझ्या मनात तसं काही नव्हतं हो. मी २२ वर्षं शिकवते, कधी जातपात पाहिली नाही. याची फीसुद्धा…" आणि त्यांना रडू कोसळलं. आजी उठल्या, पाणी आणलं, बाईंच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नका बाई. पानी प्या."

मी शेजारी बसून ते बघत होते आणि काहीतरी उलटं चाललंय एवढंच कळत होतं. ज्यांच्या घरी माफी मागायला गेलो, तेच आमची समजूत काढत होते. बाईंचे अश्रू खोटे नव्हते. पण ते ज्या घरात सांडले त्या घराला ते पुसावे लागले.

बाई शांत झाल्यावर आजींनी विचारलं, "पैशे घावले म्हनून आलाव नव्हं?"

बाई म्हणाल्या, "हो, म्हणजे… चूक लक्षात आली."

"आन् नसते घावले तर?"

चहा तसाच राहिला. आमच्यापैकी कुणी बोललं नाही. मग वडील बोलले, आवाज न चढवता. "माझ्या बापाला उचलून न्यायचे. चोरी कुठं का झाली असंना. खरा चोर घावला की सोडायचे, जा म्हणायचे, तू नव्हतास. त्यांनी कधी माफी मागितली नाही, तुम्ही मागायलाव, चांगलं हाय. पण मॅडम, गोष्ट तीच हाय."

परत येताना रिक्षात बाई गप्प होत्या. सात रस्त्याला सिग्नलवर थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मला उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर 'नसते आले' असंच आहे."

या प्रकरणाने खरं वळण घेतलं ते तिथे. तोवर आम्ही सगळेच चुकीच्या गोष्टीची माफी मागत होतो. आळ खोटा निघाला म्हणून माफी, म्हणजे आळ खरा निघाला असता तर ते वाक्य योग्य ठरलं असतं! पाकीट सापडणं हे आमचं नशीब नव्हतं, उलट त्यानेच आम्हाला फसवलं. त्याच्यामुळे सगळ्याला 'गैरसमज' म्हणता आलं.

वर्गातली माफी

रविवारी बाईंनी लिहायला घेतलं आणि सोमवारी तीन मसुदे माझ्यासमोर ठेवले. पहिल्यात 'रागाच्या भरात' होतं, दुसऱ्यात 'माझा हेतू', तिसऱ्यात लहानपणची गोष्ट. बाईंच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, आणि ठरावीक माणसं आली की 'सामानावर लक्ष ठेव' असं त्यांना लहानपणापासून सांगितलं जाई. ती गोष्ट खरी होती, महत्त्वाचीही. पण माफीत ती सबबच झाली असती, म्हणून काढली. बाई जरा रागावल्या. "मग उरतं काय?" उरलं ते सात-आठ ओळींचं होतं.

वर्गात बोलायचं की नाही हे मात्र आम्ही ठरवलं नाही. वडिलांना फोन केला. दोघे मंगळवारी आले. बाई नसताना मी मुलाला विचारलं: वर्गात बाईंनी बोलावं असं तुला वाटतं का? तू तिथे असावंस का? नको म्हणालास तरी चालेल.

त्याने थोडा वेळ घेतला. "माझं नाव घेऊ नका. पुढं बोलवू नका. मी बसतो वर्गात." मग जाता जाता म्हणाला, "मधल्या सुट्टीनंतर घ्या. तवाच झालं होतं."

बुधवारी मधल्या सुट्टीनंतर बाई वर्गात गेल्या. मी मागच्या बाकाजवळ उभी होते. कागद हातात होता, पण त्यांनी त्यात पाहिलं नाही.

"मागच्या सोमवारी मी या वर्गात एक वाक्य बोलले. तुम्ही सगळ्यांनी ऐकलं. एका वस्तीतल्या मुलांच्या रक्तात चोरी असते, असं मी म्हणाले. ते खोटं आहे. कुणाच्याच रक्तात चोरी नसते. पाकीट मीच ठेवलं आणि मीच विसरले. पण ते सापडलं नसतं तरी, आणि कुणी खरंच घेतलं असतं तरी, माझं वाक्य तेवढंच चुकीचं होतं. एकट्याचं दप्तर सगळ्यांसमोर तपासलं, तेही चूक. ज्याला मी हे बोलले त्याची आणि त्याच्या घरच्यांची मी माफी मागते. त्याने मला माफ केलंच पाहिजे असं नाही. यापुढे या वर्गात कुणी कुणाची वस्ती काढून बोलणार नाही. सुरुवात माझ्यापासून."

वर्ग गप्प. मग मागून एका मुलाने हात वर केला. "बाई, पण माझे पप्पापण असंच म्हणतात."

याची तयारी आम्ही केली नव्हती. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "माझेपण म्हणायचे." मसुद्यातून काढलेली किराणा दुकानाची गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. माफी मागताना ती सबब ठरली असती; मुलाच्या प्रश्नाला मात्र ते सरळ उत्तर होतं. ही गोष्ट कधी सांगायची यावर मी घातलेला वाद तिथे निकालात निघाला.

तिसऱ्या रांगेत मुलगा वहीच्या शेवटच्या पानावर काहीतरी रेघोट्या मारत होता. त्याने वर पाहिलं नाही. पाहावं अशी अपेक्षा मीही मनातून काढायचा प्रयत्न करत होते.

नुसत्या शब्दांनी भागणार नव्हतं

पैशांचा नियम बदलला. वर्गात पैसे गोळा करणं बंद. मूल कार्यालयात भरेल आणि लगेच पावती घेईल. काही हरवलं तर दप्तर तपासायचं नाही. आधी शिक्षकाने स्वतःचं टेबल, कपाट, वह्यांचे गठ्ठे पाहायचे, मग कार्यालयात सांगायचं. हे दोन नियम सूचना वहीत आहेत आणि सगळ्या शिक्षकांच्या सह्या आहेत. सही करताना एक सर म्हणाले, "म्हणजे आता काही बोलायचंच नाही का?" त्यावर बाईंनीच उत्तर दिलं, "बोला की. मी बोलले तसं नका बोलू."

'चेकिंग' हे नाव एका दिवसात गेलं नाही. दोन आठवडे लागले. एक मुलगा त्यानंतरही अधूनमधून म्हणायचा. त्याला वर्गासमोर उभं करण्याचा मोह मला झाला होता. वेळीच आवरला आणि मग त्याच्याशी एकट्याने बोलले.

जानेवारीत हुतात्मा दिनाच्या तयारीत कुणीतरी सुचवलं, आजींना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवू, शाल-श्रीफळ देऊ. सगळ्यांना आवडलं. मलाही. मी वडिलांकडे निरोप दिला. आजींचं उत्तर आलं: "शाल नको. पोराला शिकू द्या." ऐकून थोडं चरचरलं, आणि मग कळलं की आम्हाला त्यांचा सत्कार नको होता, आमचा निकाल हवा होता. व्यासपीठावर शाल घेतलेली आजी म्हणजे प्रकरण मिटल्याचा फोटो.

त्याऐवजी इतिहासाच्या दोन तासिका शहराच्या इतिहासाला दिल्या. गिरण्या, मार्शल लॉ, सेटलमेंट, तिन्ही एकत्र. १८७१ चा कायदा, हजेरी, तार, ३१ ऑगस्ट. हे शिकवायचं काम मुलाला किंवा त्याच्या घरच्यांना सांगितलं नाही; शिक्षकांनी वाचलं आणि शिक्षकांनी शिकवलं. जे कळायला हवं होतं ते आम्हाला. त्याने आमच्यासाठी पुन्हा उभं राहायची गरज नव्हती.

पुन्हा अशी वेळ आली तर

पहिला तास. बाई माझ्याकडे आल्या तेव्हा कायदा लागू होतो का याच्या आधी 'वाक्य नेमकं काय होतं' हे मी विचारायला हवं होतं, आणि त्यांच्याकडूनच ते लिहून घ्यायला हवं होतं. वाक्य कागदावर असतं तर त्याला गैरसमज म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

बाईंना रडायला जागा हवी होती. ती मी द्यायला हवी होती, माझ्या केबिनमध्ये, शुक्रवारी. त्या घरी नव्हे.

भेट निरोप धाडून, त्यांनी ठरवलेल्या वेळी. आणि त्यांनी येऊ नका म्हटलं असतं तर तेही उत्तरच होतं.

बाकीच्या ४५ मुलांच्या पालकांपर्यंत आम्ही काहीच पोचवलं नाही. 'माझे पप्पापण असंच म्हणतात' म्हणणाऱ्या मुलाच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल, हे मला आजही माहीत नाही. पालकसभेत विषय घ्यावा असं मी म्हटलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, कशाला पुन्हा उकरायचं? मी जोर लावला नाही. मी थकले होते, पण त्याने फरक पडत नाही.

माझ्या पत्राचं काय झालं? ते गेलं होतं, दिलगिरीसकट. वर्गातल्या माफीनंतर बाईंनी स्वतःच्या अक्षरात दुसरं पत्र लिहिलं, शाळेच्या लेटरहेडवर नाही, साध्या कागदावर, 'मी' ने सुरू होणारं. माझं पत्र परत मागावं असं मनात आलं होतं. मागितलं नाही. ते त्यांच्याकडे राहिलेलं बरं.

आता

मुलगा त्या वर्षी सहलीला आला नाही. बाईंच्या तासाला कविता म्हणायला त्याचा हात पूर्वीसारखा वर गेला नाही. विचारलं की उत्तर द्यायचा, बरोबर द्यायचा. बाईंनी त्याला कधी मुद्दाम उठवलं नाही की जास्तीचं कौतुकही केलं नाही, आणि मला वाटतं यात त्यांची बरीच ताकद खर्च झाली. जूनमध्ये त्याने नववीला तुकडी बदलून मागितली. अर्जात कारण लिहिलं नव्हतं. बाईंनी 'हरकत नाही' लिहून सही केली.

आजी बाईंना एकदा मंगळवार बाजारात भेटल्या. बाईंनी नमस्कार केला. आजी म्हणाल्या, "बरं हाय का?" एवढंच. माफ केलं, असं त्या घरातून आजवर कुणी म्हटलेलं नाही.

यंदा नववीची सहल होती. पैसे भरायच्या शेवटच्या दिवशी मुलगा कार्यालयाच्या खिडकीशी आला, ५०० ची नोट दिली, ५० परत घेतले. लिपिकाने पावती फाडून दिली. त्याने ती तिथेच उभं राहून दोनदा वाचली, स्वतःचं नाव, रक्कम, तारीख, मग घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि वर्गात गेला.